नऊ घरांचा मूळ रंग

"हा गुलाबी? व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या घराला?" पेटिफरसाहेबांनी म्युरिएलच्या घराकडे बघून नाक मुरडलं.

"का, राणीला वावडं होतं गुलाबीचं?" म्युरिएलने विचारलं.

"चेष्टा नको, मिसेस टॅपस्कॉट. ही ओळ १८६८ साली क्रीम रंगाची होती. मी शपथेवर सांगतो."

सँडकोम्बच्या किनाऱ्यावर ती नऊ घरं खांद्याला खांदा लावून उभी होती. आठ क्रीम, आणि एक म्युरिएलचं, भडक गुलाबी. नवरा विल्फ रंगारी होता. लग्नाच्या दहाव्या वाढदिवशी त्यानं ते तिच्यासाठी रंगवलं. उरलेला रंग टाकून देणं त्याच्या जिवावर यायचं, त्यामुळे टपालपेटी, कुंड्या, मागची कचरापेटीसुद्धा गुलाबी. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. आता रंगही गेला तर आपल्याला घरात राहवणार नाही, असं तिला वाटे.

पेटिफर शेजारी येऊन जेमतेम बारा वर्षं झाली होती, पण थाट असा, की पाया खणताना हेच हजर होते. त्यांच्याच अर्जावरून नगरपालिकेनं ठरवलं: एका घराची भिंत खरवडायची, सगळ्यात खाली जो रंग निघेल तोच नऊही घरांना द्यायचा.

मंगळवारी तपासनीस बाई पातं आणि भिंग घेऊन आल्या. म्युरिएलने सगळ्यांना चहा आणि बन दिले.

"माझी भिंत कशाला बघता? विल्फनं तिची पार वाट लावलीय," ती म्हणाली. "मिस्टर पेटिफरांची बघा. जुनं जपावं तर त्यांनीच."

"उशिरा का होईना, पटलं तुम्हाला!" पेटिफर खुलले.

पातं चालू लागलं. क्रीम. खाली पुन्हा क्रीम. मग हिरवट, मग क्रीम. प्रत्येक थराला पेटिफर मान डोलावत होते. दगड लागायच्या जरा आधी बाई थांबल्या. भिंगातून पाहिलं, म्युरिएलच्या भिंतीकडे पाहिलं, परत भिंगातून पाहिलं.

"कमाल आहे! अगदी हाच गुलाबी."

पेटिफरांच्या हातातला बन खाली पडला आणि एका समुद्रपक्ष्यानं तो लगेच लांबवला.

"म्हणजे माझं घर..."

"उन्हाळ्याच्या आत गुलाबी करून घ्या. अर्ज तुमचाच आहे ना?"

म्युरिएल घरात आली, दार लावून घेतलं आणि विल्फच्या फोटोसमोर बसली. तिचे डोळे भरून आले.

"चुकलं रे माझं, विल्फ," ती म्हणाली. "पेटिफर यायच्या कितीतरी आधी शेजारची भिंत पार दगडापर्यंत खरवडलीस आणि पहिला हात म्हणून आपला उरलेला गुलाबी डबा तिथं संपवलास, तेव्हा आठवडाभर बोलले नव्हते मी तुझ्याशी!"