सोन्याचा महाल

त्र्याहत्तरचा उन्हाळा. काष्टीला आमच्या तंबू टॉकीजमध्ये परीराज्याचा रंगीत सिनेमा लागला होता. सोन्याचा महाल काय, उडता घोडा काय, शंभर कारंजी काय! ऐन नाचात दुष्काळी कामावर खडी फोडणारी मनकर्णाबाई उठली, थू करून बाहेर पडली आणि तिच्यामागं बायकांची सगळी बाजू रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी मी, तंबूचा मॅनेजर, भर उन्हात तिच्या दारात जाऊन ओरडलो, "काय वाईट होतं हो त्यात?"

"चांगलं काय हुतं? सात दिस घोडं पळवत मानूस दारात आला, आन ती बया त्याच्याम्होरं नाचायलाच लागली! मागं एवढी कारंजी उडत्यात, पन तांब्याभर पानी इचारलं का त्याला कुनी? शिसारी आली मला. आग लागो असल्या सोन्याच्या घराला!"

बोलता बोलताच तिनं रांजण पुरता पालथा केला. अर्धा तांब्या भरला, तोही गढूळ. तो माझ्यापुढं ठेवत ती ओशाळून म्हणाली,



"गूळ सपलाय घरातला. राग मानू नगा."