झऱ्याचं वय

तपासनीस दांडेकरांनी कांडी झऱ्यात बुडवली आणि अनसूयाबाई दोन पावलं जवळ सरकल्या. पाणी किती वर्षं जमिनीच्या पोटात होतं, ते ही कांडी बरोब्बर सांगायची. शंभर वर्षांपुढचं पाणी असेल तिथं कुणी खोदायचं नाही, असा कायदाच होता. पाणी तेवढं जुनं निघालं तर झऱ्याभोवतीची बाग वाचणार, नाहीतर उद्या पार्किंगसाठी खोदाई.

आणि झरा तर दोन उन्हाळ्यांपूर्वीच आटला होता. सकाळी फिरायला येणारी माणसं गोमुखाखाली ओंजळ धरायची आणि कोरड्या हातांनी परतायची. बागेची माळीण असलेल्या अनसूयाबाईंना ते बघवेना. त्यांनी भिंतीपलीकडच्या सोसायटीच्या नळाला गुपचूप पाइप जोडला आणि गोमुखामागे आणून सोडला.

कांडी वाजली.

"मावशी, तीनशे बारा वर्षं!" दांडेकर खूश झाले. "अस्सल झरा आहे तुमचा. करा इथं सही."

अनसूयाबाईंनी पेन घेतलं, पण हात पुढे सरकेना. नळाचं पाणी तीनशे वर्षांचं? त्यांची नजर भिंतीपलीकडे गेली. सोसायटीनं नळांसाठी बोअर मारली, त्यालाही दोनच उन्हाळे झाले होते.

सही केली असती तर बाग वाचली असती, नोकरीही.

त्यांनी पेन ठेवलं आणि गोमुखामागचा दगड सरकवला. काळा पाइप उघडा पडला.

"साहेब, ही माझी लबाडी. लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि कांडी घेऊन माझ्यामागं चला. आमचा झरा कुठं कोंडून ठेवलाय, ते दाखवते."