निशाणी अंकुश

हत्तीण मेली, हे चारुलताला पहिल्याच कागदावर कळलं. इंग्रजी अमलातल्या त्या जंगलखात्याच्या फायलीत सगळ्यांत शेवटचा कागद वर बांधलेला होता. ‘चंचल, वय अठ्ठावीस, सागाचा ओंडका ओढताना कोसळून मेली.’

दप्तरखान्यातल्या बाकावर बसून तिनं तो उलटला, तर खालच्या कागदावर चंचल अजून धापा टाकत होती. त्याखालच्यावर पाय सुजलेले, पण उभी होती. एकेक कागद उलटत गेला तशी ती बरी होत गेली, आणि अगदी तळाशी माहुताचा मोडीतला अर्ज निघाला. ‘हत्तीण गाभण आहे. मायबाप सरकारांनी तिला ओंडक्यांना जुंपू नये.’ सहीच्या जागी अंकुशाची निशाणी काढलेली. कोपऱ्यात साहेबाचा इंग्रजी शेरा होता, ‘भाषांतर करून आणावे.’ भाषांतर फायलीत कुठेच नव्हतं.

“मॅडम, पाच वाजले,” फायली सांभाळणारे खोपडेकाका म्हणाले. “कागद होते तसेच लावा हं. क्रम चुकला की मला बोलणी बसतात.”

“काका, हा अर्ज वर ठेवला तर?”

त्यांनी अर्जाकडे पाहिलं. “ठेवला असता हो. पण आता वाचून कोण काय करणार?”

तिनं अर्ज तळाशी ठेवला. त्यावर सुजलेले पाय ठेवले, त्यावर धाप. शेवटचा कागद ती बराच वेळ हातात धरून बसली. मग तोही स्वतःच्याच हातानं वर ठेवला, आणि काकांनी नाडी आवळली.