साहेबांची नजर

"मला शिवता कशाला यायला हवं? नजर आहे ना माझ्याकडे!" असं म्हणत शिवणकारखान्याच्या नव्या मॅनेजरनं तिथल्या जुन्या कारागीर काकूंच्या सुनेची सरळ शिवण वाकडी ठरवली आणि तिला घरी बसवलं. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली; पण त्यांनी साहेबांच्या सत्काराचा कोट हसत हसत शिवायला घेतला.

"नीट बघून घ्या हं साहेब, मागाहून बोल नको."

त्यानं कोट उलटासुलटा करून पाहिला. "फर्स्ट क्लास! शिका गं काकूंकडून."

सत्कारात त्यानं ऐटीत दोन्ही हात उंचावले आणि दोन्ही बाह्या खांद्यापासून सुटून लोंबायला लागल्या.

"नुसते कच्चे टाके? कोणी शिवला हा?" मालक कडाडले.

"मीच, मालक. ज्या नजरेनं माझी सून नापास केली, त्याच नजरेनं हा पास केलाय."