कुतैबा तुमचा कोण?

कुतैबाने कॉफी प्यायली नाही. फिंजान, तो बिनकानाचा इवलासा कप, हातात घेतला आणि ओठांपर्यंतही न नेता समोरच्या तिवईवर ठेवून दिला. यजमान मुतसिम काय ते समजला. पाहुण्याने फिंजान असा खाली ठेवला, की तो काहीतरी मागायला आलाय असं समजायचं. यजमानाने 'दिलं' म्हटल्याशिवाय तो घोट घेत नाही, आणि काय मागायचंय ते यजमानाने आधी विचारायचं नसतं. जॉर्डनच्या या इर्बिद शहरात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

पण मुतसिमला आज रीतभात परवडणारी नव्हती. सकाळीच पत्र आलं होतं. जगभरचे लोक ज्या दुकानातून मोबाइलवर ॲप उतरवून घेतात, त्या दुकानवाल्यांचं. 'तुमचं खातं आम्ही बंद केलेल्या एका खात्याशी जोडलेलं दिसतं. सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर तुमचंही बंद होईल.' खाली त्या बंद खात्याच्या मालकाचं नाव होतं. कुतैबा, मुतसिमचा सख्खा चुलतभाऊ. कुणाची तरी कार्टूनची चित्रं उचलून आपल्या खेळात घातली म्हणून महिन्यापूर्वी त्याला तिथून हाकललं होतं. मुतसिमचं पोरांना पाढे शिकवणारं ॲप मात्र चार वर्षं बिनडाग चाललं होतं, आणि घरातली सहा तोंडं त्याच्यावर जेवत होती.

पत्र येऊन चार तास होत नाहीत तोच हा दारात हजर! शुक्रवारचा नमाज आटोपून, कडक इस्त्रीचा सदरा घालून, हातात कुनाफ्याच्या मिठाईचा डबा घेऊन. मुतसिमने दार उघडण्याआधी लॅपटॉप गादीखाली सारला होता. याचं स्वतःचं खातं गेलं, आता माझ्या खात्यावर डोळा असणार, दुसरं काय! बोट दिलं की हात धरायची याची लहानपणापासूनची खोड.

"कॉफी निवतेय," मुतसिम म्हणाला.

"निवू दे."

"आधी काय ते बोल तरी. मग बघू."

कोपऱ्यात जपमाळ ओढत बसलेल्या मुतसिमच्या वडिलांनी मान वर केली.

"मुतसिम! आपल्या घरात पाहुण्याला 'मग बघू' म्हणायला कधीपासून लागलो आपण?"

"बाबा, तुम्हाला ठाऊक नाही, याने काय..."

"मला ठाऊक करूनही घ्यायचं नाही. माझ्या भावाचा पोरगा आहे तो." म्हातारा कुतैबाकडे वळला. "घे बाळा, कॉफी घे. जे मागायला आलास, ते दिलं."

कुतैबाने एका घोटात फिंजान रिकामा केला. म्हातारा समाधानाने उठला आणि मटणाचं मन्सफ शिजत कुठवर आलंय ते बघायला स्वयंपाकघरात गेला. मुतसिमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या घराच्या पोटावर पाय येईल असा शब्द बाप एका दमात देऊन मोकळा झाला होता.

"हं, माग आता," मुतसिम आवाज दाबून म्हणाला. "खातं पाहिजे ना? की लॅपटॉपसकट नेतोस?"

"तुला पत्र आलं का?"

मुतसिमने डोळे बारीक केले. "तुला कसं कळलं?"

"परवा माझ्या मेव्हण्याला आलं. जिथे जिथे मी माझं खातं उघडलं, तिथे तिथे जातंय. ईदला इथे मुक्कामाला होतो ना, तेव्हा तुझ्या लॅपटॉपवर उघडलं होतं. पाचच मिनिटं."

"मला विचारलं होतंस?"

"तू झोपला होतास."

"वा! म्हणजे मी झोपलो की माझं घर बुडवायला तू मोकळा."

कुतैबा म्हणाला, "खुलाशात विचारतात, हा माणूस तुमचा कोण. मेव्हण्याने खरं ते लिहिलं. त्याच संध्याकाळी त्याचं खातं गेलं. तू लिही, कोणी नाही. आडनावाचं विचारलंच तर सांग, अर्ध्या इर्बिदचं हेच आडनाव आहे. एवढंच मागायला आलो होतो."

"एवढ्यासाठी फिंजान ठेवलास?" मुतसिमने विचारलं.

"सरळ सांगितलं असतं तर तू लिहिलं नसतंस," कुतैबा म्हणाला. "म्हणून फिंजान ठेवला."

मुतसिमचे कान लाजेने तापले. त्याने गादीखालून लॅपटॉप ओढला, पण झाकण उघडायला हात धजेना.

"उघड ना. मी हात लावत नाही," म्हणत कुतैबा विटाळ होईल जणू, असा मागे सरकून बसला.

मुतसिमने झाकण उघडलं. खुलासा सकाळीच लिहून तयार होता, पाठवायचा तेवढा राहिला होता. कुतैबा तुमचा कोण, या प्रश्नापुढे त्याने लिहिलं होतं, 'मी या माणसाला फारसं ओळखत नाही.'

कुतैबाने ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

"'फारसं' काढून टाक," तो म्हणाला. "तेवढ्यावरून पकडतील."

मुतसिमने तो शब्द खोडला आणि खुलासा पाठवून दिला. कुतैबा उठला. दाराशी जाऊन पायांत बूट सरकवू लागला.

स्वयंपाकघराच्या दारातून म्हातारा ओरडला, "अरे, जेवल्याशिवाय निघालास कुठे? परका आहेस का तू?"