आपत्कालीन संपर्क

लॉगिन करणाऱ्याला स्वतःचीच माहिती दिसते ना, हे तपासायला कादंबरीनं कंपनीचं नवं पोर्टल स्वतःच्या नावानं उघडलं. नाव बरोबर आलं, गढा मोहल्ल्यातल्या घराचा पत्ता बरोबर आला. खाली ‘आपत्कालीन संपर्क: अनुपम, पती.’ अनुपमला जाऊन आठ महिने झाले होते. तिनं नाव पुसलं. पोर्टल म्हणालं, ‘रकाना रिकामा चालणार नाही.’ लग्नापासून माहेर तुटलेलं, सासरीही दुसरं कोणी नव्हतं. तिनं आपलाच नंबर टाकला. ‘स्वतःचा नंबर चालणार नाही.’ दोन्ही नियम तिनंच लिहिलेले. तेव्हा अनुपम चहा देत म्हणाला होता, “काहून एवढी सक्ती करून राहिली? एखाद्याचं कोणीच नसलं तर?” ती हसली होती, “असं कोणी असतं का?” “दीदी, आपकी डिटेल्स सही आ रही हैं?” ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या आर्यननं विचारलं. तिनं अनुपमचं नाव पुन्हा लिहिलं. पोर्टलनं मुकाट्यानं घेतलं. “हां, बिलकुल सही.”