तेविसावा पाठ

“समजलं?” मुग्धाने इंग्रजीत विचारलं. नऊ जणांनी एकदम माना डोलावल्या.

कुणालाच काही समजलं नव्हतं. आखातातल्या अल क्वोजमधल्या दिव्यांच्या एका गोदामावरची ही खोली. समोर बसलेली माणसं दिवसभर खाली झुंबरं विकत, खोकी उतरवत. सगळी चीनमधून आलेली. तिने गाओला एकट्याला उभं केलं आणि विचारलं, काल काय काय केलंस? गाओ हसला. शेजारच्याला विचारलं, तोही हसला. चारचौघांत चुकण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. त्यातून आज मागच्या खुर्चीवर त्यांचे मॅनेजर हान बसले होते.

हान वर्ग पाहायला आले होते. पसंत पडला तर ते मुग्धाला कंपनीच्या व्हिसावर घेणार होते. नाही पडला तर देश सोडायला तिच्याकडे अकरा दिवस होते. तिच्या ऑफिसने तिला कमी केलं होतं, जुना व्हिसा रद्द झाला होता. दोन हजार नऊचा, मंदीचा उन्हाळा होता. अल मनखूलमधल्या तिच्या इमारतीत लिफ्टच्या दाराशी रोज नवी चिठ्ठी चिकटवलेली असे, सोफा विकणे आहे, फ्रिज विकणे आहे. गेल्या आठवड्यात मुग्धानेही एक लिहून ठेवली होती. अजून लावली नव्हती.

वर्ग मुळात तिच्या आईचा. विभावरीबाई पुण्यात तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या आणि लेकीकडे आल्या. घरात रिकामं बसवेना म्हणून त्यांनी हे काम धरलं. छापील पुस्तक त्यांनी पहिल्याच महिन्यात बाजूला ठेवलं. त्यातली माणसं सारखी हवेबद्दल बोलतात, इथे हवेबद्दल बोलण्यासारखं आहे काय, असं त्या म्हणायच्या. मग दर आठवड्याला एक पान स्वतःच लिहायच्या. दुकानात, टॅक्सीत, बँकेत, दोन माणसांचं बोलणं. घरी येऊन हसत सांगायच्या, अगं, झेरॉक्सवाल्यासाठी कोपऱ्यात ‘दहा प्रती’ लिहिलं होतं, तेही यांनी पाठ केलं. पाठ सगळं, अर्थ शून्य. सहा महिने झाले, एकाने एक प्रश्न विचारला असेल तर शपथ.

त्यांना जाऊन सात आठवडे झाले होते. एका सकाळी उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले, होतं असं अचानक. मुग्धा त्या ‘अचानक’वर दिवस काढत होती.

हान यांनी घड्याळात पाहिलं. मुग्धाने फळा पुसला. सुचेनासंच झालं तेव्हा ती म्हणाली, टीचरने शेवटी जे शिकवलं, ते म्हणून दाखवा.

सगळ्यांचे चेहरे सैलावले. नऊही जण उठून उभे राहिले आणि त्यांनी हात पाठीमागे बांधले.

“पाठ तेविसावा. दवाखान्यात. दहा प्रती,” ते एका सुरात म्हणाले.

उच्चार स्वच्छ होते. वाक्यं कुठे अडत नव्हती. डॉक्टर म्हणत होते, हृदयाची झडप खराब झाली आहे, ऑपरेशन याच महिन्यात करायला हवं. बाई म्हणत होती, पुढच्या महिन्यात पाहू. डॉक्टर विचारत होते, घरी कोण असतं? बाई म्हणत होती, मुलगी. हान खुर्चीत पुढे सरकून बसले. मुग्धाच्या जिवात जीव आला. तिने टेबलावर बोटाने ठेका धरला.

“मग तिला बोलवा,” नऊ जण म्हणाले. “डॉक्टर, सोमवारी रजा मिळेल का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, आई, रजेचं नाव काढू नकोस, ऑफिसात कपातीची यादी होते आहे.”

बोट थांबलं.

ते वाक्य तिचं होतं. दारात बूट घालता घालता बोललेलं, मान वर न करता. आई म्हणाली होती, असू दे गं, सहज विचारलं.

“यादी होऊन जाऊ दे,” नऊ जण म्हणाले. “तिची नोकरी टिकली की सांगेन. एका महिन्याने काय बिघडतं?”

यादीत मुग्धाचं नाव लागलं, तेव्हा आईला जाऊन सोळा दिवस झाले होते.

पान संपलं. सगळे खाली बसले. हान यांनी एकट्याने टाळ्या वाजवल्या. ते पुढे आले आणि म्हणाले, सोमवारी पासपोर्ट घेऊन या, फोटो आणा, पांढरी पार्श्वभूमी. मुग्धाने त्यांचे आभार मानले. दोनदा मानले. हान गेल्यावर ती टेबलावरचे कागद सारखे करू लागली. ते सारखेच होते.

मागच्या बाकावर लिन बसली होती. काउंटरवर काम करणारी, पंचेचाळिशीची बाई. आजवर ती कधी एकटी बोलली नव्हती. तिने हात वर केला. कान लाल झाले होते. ती उठली, एकेक शब्द मनात लावून पाहिला आणि मग सावकाश बोलली.

“टीचर, पुढचं पान आम्हाला मिळालं नाही. त्या बाईने मुलीला सांगितलं का?”

“हो,” मुग्धा म्हणाली. “आत्ताच.”